जे शॉट घेतलेच गेले नाहीत

रविवारी मिसळीच्या टेबलावर लंब्या माझ्याशी इतका तावातावाने भांडला, की त्याचा पाव रश्श्यात बुडून पार लगदा झाला. विषय होता अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला चेट होमग्रेन. 2025 च्या जुलैत ओक्लाहोमा सिटी थंडर या त्याच्या संघाने त्याला पुढची पाच वर्षं बांधून घेतलं, रक्कम जास्तीत जास्त 25 कोटी डॉलर. आपल्या हिशेबाने दोन हजार कोटींच्या वर. गुरुवारपासून आमच्या ग्रुपवर कुणी पावसाचे फोटोसुद्धा टाकले नाहीत, नुसता होमग्रेन चालू आहे.

"ताई, मॅचला पंधरा पॉइंट मारतो तो. पंधरा! आणि त्याला मॅक्स?"

मॅक्स म्हणजे नियमात बसेल तेवढा सर्वात मोठा करार. हे वाक्य तो तीनदा बोलला. तिसऱ्यांदा बोलला तेव्हा मला राहवलं नाही. टेबलावर जे बोलले ते अर्धवटच राहिलं, कारण मध्येच आमच्याकडे खेळायला येणाऱ्या धाकटीचा विषय निघाला. म्हणून आता सगळं नीट लिहिते.

आधी आम्ही कोण ते सांगते. नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकापासून थोडं आत, मनपाच्या एका शाळेमागे सिमेंटचं कोर्ट आहे. एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही. पावसाळ्यात शाळेच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात पाणी साचतं. जो आधी येईल त्याने गोणपाट घेऊन पुसायला लागायचं, असा नियम आहे. आभाळ मोकळं असलं की समोर पांडवलेणीचा डोंगर दिसतो. या रविवारी त्यावर ढग बसून होते. सर वर्गात पीटी शिकवायचे तेव्हापासून, म्हणजे मी आठवीत होते तेव्हापासून, इथे येतात. आता निवृत्त आहेत, गुडघा दुखतो, पण शिट्टी त्यांच्याच गळ्यात असते. लंब्या सहा फूट दोन इंच, एका बँकेत आहे आणि आकडे त्याला तोंडपाठ असतात. आणखी दोघं-तिघं येऊन जाऊन. आणि मी. अंबडच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं क्वालिटीत आहे.

एनबीए बघायला आपल्याकडे पहाटे उठावं लागतं, आणि फर्स्ट शिफ्टवाल्यांना उठायची सवय असतेच. फायनलचा सातवा सामना 23 जूनला, सोमवारी साडेपाचला सुरू झाला. त्या दिवसासाठी मी दहा दिवस आधीच सेकंड शिफ्ट मागून घेतली होती. सर दूध आणायला म्हणून घरातून निघाले आणि पिशवी घेऊन थेट आमच्याकडे आले. ते दूध शेवटी आमच्याच फ्रिजमध्ये राहिलं. पहिल्याच क्वार्टरमध्ये समोरच्या इंडियाना पेसर्स संघाचा हॅलिबर्टन पाय धरून खाली पडला. सर काही बोलले नाहीत, कप खाली ठेवला. ज्या पोराने पहिल्या सामन्यात शेवटचे तीन दशांश सेकंद उरले असताना शॉट मारून थंडरला 111-110 असं हरवलं होतं, त्याला तसं हाताने फरशी बडवताना बघवत नव्हतं. तो गेल्यावरही पेसर्स हाफटाइमला 48-47 पुढे होते. मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये थंडरने 34-20 केलं आणि तिथेच सामना फिरला. शेवट 103-91.

होमग्रेनचे त्या सामन्यात 18 पॉइंट आणि 5 ब्लॉक, म्हणजे समोरच्याचे हवेतच अडवलेले शॉट. ब्लॉक मोजायला लागल्यापासून फायनलच्या सातव्या सामन्यात एवढे तोवर कुणाचे नव्हते. पण लंब्याला मला ब्लॉकबद्दल सांगायचंच नव्हतं. ब्लॉक दिसतो, मोजला जातो. मला सांगायचं होतं ते दुसरंच. पेसर्सचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा खेळाडू, पहिल्या माणसाला चुकवून आत शिरतो, समोर रिंग मोकळी आहे असं वाटतं, तेवढ्यात तो मान वर करतो, सात फूट एक इंचाचा माणूस हात सरळ वर करून उभा दिसतो, आणि गार्ड बॉल पुन्हा बाहेर फेकतो. बस. शॉट नाही, ब्लॉक नाही, रिबाउंड नाही. स्कोअरशीटवर काहीच उमटलं नाही. पण शॉट क्लॉकचे, म्हणजे शॉट घ्यायला मिळणाऱ्या ठरलेल्या वेळातले, सहा-सात सेकंद गेले, आता पेसर्सना घाईघाईत लांबून मारावं लागणार.

ही गोष्ट मला इतकी आतून कळते, कारण माझं काम तेच आहे. आमच्या शॉपमध्ये गेटजवळ मोठा फळा आहे. त्यावर प्रॉडक्शनचे आकडे: आज किती पीस, टार्गेट किती, कुठल्या लाइनने जास्त काढले. त्याखाली क्वालिटीचा एकच रकाना, गिऱ्हाइकाकडून किती पीस परत आले त्याचा. महिना चांगला गेला तर तो रकाना रिकामा असतो. त्या रिकाम्या जागेसाठी मी दिवसभर गेज घेऊन उभी असते. मागच्या वर्षी एका लॉटमध्ये बोअर, म्हणजे पीसचं आतलं भोक, वीस मायक्रॉनने मोठं निघालं. टूल झिजलं होतं. मी लाइन थांबवली, चाळीस मिनिटं थांबली, त्या दिवशी प्रॉडक्शनचा आकडा खाली आला आणि तो मात्र फळ्यावर लिहिला गेला. तो लॉट तसाच गेला असता तर काय झालं असतं, हे कुठल्याही फळ्यावर येत नाही.

लंब्याचं म्हणणं अगदीच पोकळ होतं असं मी म्हणणार नाही. तो आकडे घेऊनच बसला होता. होमग्रेन 2022 ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि पायाच्या दुखापतीने पहिलं वर्षभर कोर्टावर उतरलाच नाही. दुसऱ्या वर्षी 82 च्या 82 सामने खेळला. तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरमध्ये पडला, कमरेचं हाड मोडलं, खेळले फक्त 32. "तीन वर्षांत 246 सामने, पोरगा खेळला 114. ताई, तुमच्या कंपनीत एखादं मशीन निम्म्याहून जास्त दिवस बंद राहिलं तर तुम्ही तेच मशीन पुन्हा घ्याल का?"

याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते ऐकायला लंब्या थांबला नाही. मशीन किती दिवस बंद राहिलं हे बघतात, तसंच ते कशामुळे बंद पडलं हेही बघतात. एकच भाग पुन्हा पुन्हा जात असेल तर मी नक्की घाबरेन. इथे एकदा पायाचा सांधा, एकदा उडी मारल्यावर वाईट पडल्यामुळे कंबर. दोन्ही वेगळ्या जागा, आणि दोन्हीतून उठून तो फायनलचा सातवा सामना खेळला. धोका आहे, मान्य. पण तेवीस वर्षांच्या माणसाबद्दल तो धोका मी पत्करेन.

लंब्याचा दुसरा मुद्दा जास्त टोकदार होता. मे महिन्यात डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात निकोला योकिचला कुणी धरलं? होमग्रेनने नाही. ॲलेक्स करूसोने. सहा फूट पाच इंचाचा गार्ड सहा फूट अकरा इंचाच्या सेंटरला, रिंगजवळ खेळणाऱ्या दांडग्या माणसाला, भिडला आणि थंडर 125-93 जिंकले. "मग या काडीपैलवानाला कशाला एवढे पैसे? दांडगा सेंटर समोर आला की तो ढकललाच जातो."

इथे सरांनी हात वर केला. सर बोलायच्या आधी टेबल आवरतात, ती त्यांची वर्गातली सवय आहे. त्यांनी मिसळीची रिकामी वाटी उपडी घातली, तिच्यावर उरलेला पापडाचा तुकडा ठेवला. "ही रिंग." लिंबाच्या चार फोडी समोर मांडल्या. "हे चार." आणि पाण्याचा उभा स्टीलचा ग्लास वाटीजवळ सरकवला. "हा होमग्रेन."

मग त्यांनी सर्वात पुढची फोड बोटाने दाबली. "हा लू डॉर्ट. हा बॉलवाल्याच्या इतका अंगावर जातो, श्वास घेऊ देत नाही. का जाऊ शकतो? चुकलो तर मागे काय होईल ही भीती ज्याला असते, तो दोन पावलं मागे उभा राहतो. मग समोरच्याला आरामात बघून पास देता येतो. डॉर्टला भीती नाही. त्याला ठाऊक आहे, मागे ग्लास उभा आहे." मग दुसरी फोड. "करूसो योकिचच्या पुढे उभा राहिला, मागे नाही. बॉल त्याच्याकडे जाऊच द्यायचा नाही. पण पुढे उभं राहिलं की डोक्यावरून पास टाकता येतो. तो पास टाकायला डेन्व्हरवाले का बिचकले? डोक्यावरून गेलेला बॉल कुणाच्या हातात जाणार होता?"

लंब्या ग्लासकडे बघत राहिला.

मला यात एक भर घालायची आहे, कारण आपल्याकडे खेळणाऱ्यांच्या हे पटकन लक्षात येत नाही. आपण फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमाने खेळतो. आपला सेंटर डिफेन्सला रिंगखाली तळ ठोकून बसला तरी चालतं. एनबीएत 2001 पासून नियम आहे: जवळ कुणी धरायला नसेल तर डिफेंडरला रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे होमग्रेनला सतत पाय बाहेर टाकून परत आत यावं लागतं, आणि तेही नेमक्या क्षणी. पुन्हा समोरचा सेंटर तीन पॉइंट मारणारा असला तर त्याच्यामागे पार लाइनपर्यंत जायचं आणि तिथून परत रिंगला. उंच माणसं खूप आहेत. सात फूट एक इंचाचा आणि पाय असे हलवणारा माणूस शोधून दाखवा.

यानंतर वाद पैशांवर गेला, आणि तिथे मात्र मला लंब्याचं काही अंशी पटलं. थंडरच्याच शे गिल्जस-अलेक्झांडरला त्याच जुलैच्या पहिल्या तारखेला चार वर्षांचे साडेअठ्ठावीस कोटी डॉलर. होमग्रेनच्या कराराच्या दुसऱ्या दिवशी संघातल्याच जेलन विल्यम्सला पाच वर्षांचे 28.7 कोटींपर्यंत. मनगटाचं लिगामेंट फाटलेलं असताना हा पोरगा फायनल खेळला, पाचव्या सामन्यात 40 पॉइंट मारले. तिघांचे मिळून 82 कोटी डॉलरच्या घरात. 2023 च्या करारनाम्यापासून लीगमध्ये खर्चाची वरची एक रेषा आहे, तिला सेकंड एप्रन म्हणतात. ती ओलांडली की नुसता कर भरून सुटका होत नाही, ट्रेड करायलाही हात बांधले जातात. डॉर्ट आणि संघाचा दुसरा सेंटर हार्टनस्टाइन, या दोघांच्या करारातलं 2026-27 चं वर्ष संघाच्या मर्जीवर होतं. "म्हणजे," लंब्या म्हणाला, "सरांची पुढची फोड उचलून टाकावी लागणार. ग्लास राहील, लिंबू जाईल."

जाईल कदाचित. डॉर्ट गेला तर मला फार वाईट वाटेल. 2019 मध्ये साठातल्या एकाही जागेवर त्याला कुणी निवडलं नव्हतं, आणि 2025 मध्ये तो ऑल-डिफेन्सिव्ह पहिल्या संघात, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम पाच बचावपटूंत, आला. पण दोघांतला एकच ठेवायचा झाला तर मी ग्लास ठेवेन. पुढे भिडणारा माणूस घडवता येतो. मागे उभा राहणारा मिळावा लागतो.

सरांनी तेव्हा हार्डनचं नाव काढलं. आमच्यात जुन्या जखमा सरांच्याच. 2012 मध्ये थंडरकडे ड्युरंट, वेस्टब्रुक आणि हार्डन असे तिघं होते, तिघंही पंचविशीच्या आतले. फायनलला मायामीकडून हरले. ऑक्टोबरात हार्डनच्या नव्या कराराची बोलणी फिसकटली. बातम्यांप्रमाणे फरक चार वर्षांत मिळून अर्ध्या कोटी डॉलरच्या आसपास होता. 27 ऑक्टोबरला त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं. पुढे त्या तिघांनीही एमव्हीपी, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, मिळवला, हार्डनने ह्यूस्टनच्या कपड्यांत. थंडर पुन्हा फायनलला पोचायला 2025 उजाडलं. तेव्हाही संघ सॅम प्रेस्टी चालवत होता, आजही तोच चालवतो. "तो माणूस तेरा वर्षं त्या अर्ध्या कोटीचा विचार करत असणार," सर म्हणाले. "या वेळी त्याने घासाघीस केली नाही, यातच सगळं आलं."

मग मिसळवाल्याने बिल आणलं, आणि सर बिलाकडे बघत म्हणाले, "आपल्या धाकटीचं काय करायचं?"

धाकटी म्हणजे आमच्याकडे येणारी सतरा वर्षांची मुलगी. पाथर्डी गावातून येते. वडील पंचवटीच्या मार्केट यार्डातून भाजीचा टेम्पो चालवतात. उंची पाच फूट पाच, शॉट अजून कच्चा. पण तिचे पाय बघा. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, बॉलकडे बघत नाही, कमरेकडे बघते. डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर जिकडे वळली तिकडेच माणूस जातो. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, सरांनीसुद्धा नाही. बाजूला सरकताना तिचे पाय कधी एकमेकांना चिकटत नाहीत, कधी क्रॉस होत नाहीत. लंब्या तिच्यापेक्षा नऊ इंचांनी उंच आहे आणि तिच्या डोक्यावरून तो मारतोच, पण तिला चुकवून रिंगखाली गेलाय असं मी महिन्यातून एकदा बघते.

मे महिन्यात एका निवड चाचणीला तिला पाठवलं होतं. दहा-दहा मिनिटांचे दोन सामने झाले. टेबलावर बसलेल्यांच्या हातात कागद होता आणि कागदावर नावापुढे पॉइंट. धाकटीचे चार. तिने ज्या मुलीला धरलं होतं ती एरवी धडाधड पॉइंट करणारी, त्या दिवशी तिचे दोन्ही सामने मिळून सहा. तीही सहा पॉइंट तेव्हाचे, जेव्हा धाकटीला बाहेर बसवलं होतं. मी बाजूला उभी राहून मोजत होते. यादी लागली तेव्हा त्या मुलीचं नाव होतं, आमच्या मुलीचं नव्हतं. मी जाऊन विचारलं. "मॅडम, स्कोअरिंग कमी आहे," एवढंच उत्तर मिळालं. त्या मुलीबद्दल माझी तक्रार नाही, ती चांगलीच खेळाडू आहे. पण तिला दिवसभर कुणी जखडून ठेवलं, हा प्रश्न त्या टेबलावर कुणाला पडायला हवा होता.

त्यानंतर धाकटी दोन रविवार आली नाही. मी घरी गेले. तिचे वडील विरोधात नव्हते, थकलेले होते. पहाटे तीनला निघतात. म्हणाले, "ताई, यंदा बारावी. क्लासची फी आहे, रोजचं रिक्षाभाडं आहे. आणि एवढं करून सिलेक्शन नाही. यातून पुढे काय, तुम्हीच सांगा." मला खोटं बोलता आलं नाही. पुढे काय हे मला माहीत नाही, असंच सांगितलं. फक्त एवढं म्हणाले, की इतकी वर्षं मी हा खेळ बघतेय, असे पाय मी दुसऱ्या कुणाचे बघितले नाहीत. धाकटी दारात उभी राहून ऐकत होती.

तर सरांनी बिलाची पावती उलटी केली, लंब्याच्या खिशातलं पेन घेतलं आणि म्हणाले, "करार करू या तिच्याशी."

पाच जणांनी महिन्याला चारशे रुपये काढायचे. दोन हजारांत येण्या-जाण्याचं भाडं आणि सरावानंतर दूध-केळी. मंगळवार, गुरुवार संध्याकाळी, रविवारी सकाळी. साडेसातच्या आत घरी, ही वडिलांची अट असणार हे आम्ही आधीच लिहून टाकलं. डिसेंबरनंतर परीक्षा होईपर्यंत सुट्टी. शूज वेगळे. आणि लंब्याने, ज्याला 15 पॉइंटचा माणूस महाग वाटत होता त्याने, स्वतःहून सांगितलं की दर गुरुवारी तो बँकेतून थेट कोर्टवर येईल आणि तिचा शॉट अर्धा तास घेईल. "पाय तिचे तिच्याकडे आहेत," तो म्हणाला, "हात मी बघतो."

वडिलांनी पावतीवर सही केली. त्याखाली तिने. तिची सही अजून शाळेतलीच आहे, पूर्ण नाव, अक्षर न् अक्षर वेगळं.

काल संध्याकाळी शूज घ्यायला तिला मेन रोडला घेऊन गेले. पाऊस बारीक होता, शालिमारपासून चालत गेलो. तिच्या पायात आतापर्यंत मोठ्या भावाचे कॅनव्हासचे बूट होते, टाचेला कापूस भरून घातलेले. दुकानदाराने दोन-तीन जोड काढले, हलके, उडी मारायला छान, असं म्हणाला. मुलं बूट घालून उडी मारूनच बघतात. तिने पहिला जोड घातला, नाडी बांधली, आरशाकडे बघितलंही नाही. दोन बाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत गेली, गुडघे वाकवले, हात बाजूला पसरले आणि सरकायला लागली. डावीकडे तीन पावलं, उजवीकडे तीन. टाइल्सवर रबराचा करकर आवाज. पहिल्या जोडात तिचा बाहेरचा घोटा सुटला, तिने मान हलवली. दुसऱ्यात पंजा पुढे घसरला. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली, दुकानदारही काउंटरवरून बाहेर आला. तिसऱ्या जोडात ती भिंतीपर्यंत गेली, तिथून उलट फिरून परत माझ्यापर्यंत आली, आणि माझ्या कमरेकडे बघत तशीच वाकून थांबली.

"ताई, जरा चुकवून बघा ना," ती म्हणाली.

मी पर्स बाकावर ठेवली.